पायातली गुठळी: केस पेपरच्या पहिल्या पानावर तिची नोंद हवी

महोदय,

ऑपरेशन व्यवस्थित झाले, टाके सुकले, माणूस घरी आला आणि दहाव्या-बाराव्या दिवशी संडासला जाऊन येताना धाप लागून जागेवरच कोसळला. अशा मृत्यूला घरोघरी ‘हार्ट अटॅक’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. त्यातले काही मृत्यू हृदयविकाराचे नसतात. पायाच्या किंवा ओटीपोटाच्या खोल शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकलेली असते. शिरेतल्या या गुठळीला दवाखान्यात डीव्हीटी म्हणतात. ती फुप्फुसात पोचली की पल्मनरी एम्बॉलिझम. जगभरात अशा गुठळ्यांच्या एकूण रुग्णांपैकी ६० टक्क्यांपर्यंत रुग्णांना ती रुग्णालयात असताना किंवा त्यानंतरच्या ९० दिवसांत झालेली असते. म्हणजे हा आजार पुष्कळदा आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच वॉर्डात सुरू होतो.

सोलापुरात शहराबरोबरच बार्शी, मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट, तुळजापूर आणि कर्नाटकातल्या इंडी भागातून रुग्ण येतात. खुब्याच्या, गुडघ्याच्या, कॅन्सरच्या, सिझरच्या शस्त्रक्रिया इथे रोज होतात. गुठळी टाळण्याचे सगळे उपाय शहरात मिळतात. अडते ते दोन ठिकाणी. हे काम नेमके कोणाचे, हे ठरलेले नसते. आणि डिस्चार्जच्या दिवशी ते अर्ध्यावरच सुटते. म्हणून हे पत्र डॉक्टर-परिचारिकांइतकेच कॉटशेजारी बसणाऱ्या नातेवाइकांसाठीही आहे.

आधी गुठळी होते कशी ते पाहू. पायातले रक्त वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल हलले की स्नायू आवळतात, खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. हापशाचा दांडा हलवणे थांबले की पाणी जसे थांबते, तसे पाय हलायचे थांबले की पोटरीतले रक्त साचून राहते आणि गुठळीची सुरुवात बहुधा झडपांच्या मागच्या खोबणीत होते. रुडॉल्फ विर्शो या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने १८५६ च्या सुमारास मांडलेली कारणे आजही तीच आहेत: रक्ताचा वेग मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. १३ ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिवस आता जागतिक थ्रोम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो. खुबा मोडलेल्या माणसाकडे पाहिले तर ही तिन्ही कारणे एकाच वेळी हजर असतात. तो हलू शकत नाही, मोडलेल्या हाडाजवळच्या शिरा दुखावलेल्या असतात आणि जखमेमुळे शरीर रक्त गोठवण्याच्या तयारीत असते. कॅन्सर, जंतुसंसर्ग, गर्भारपण, बाळंतपण, काही हार्मोनच्या गोळ्या यांनीही रक्त लवकर गोठते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो तेव्हा शरीरातले पाणी कमी होऊन त्यात भर पडते.

सगळ्यांना सारखा धोका नसतो, त्यामुळे सगळ्यांना सारखा उपायही नको. शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी कॅप्रिनी गुणतक्ता आणि औषधोपचाराच्या रुग्णांसाठी पादुआ गुणतक्ता जगभर वापरतात. कॅप्रिनीत वयाला गुण आहेत: ४१ ते ६० ला १, ६१ ते ७४ ला २, ७५ व पुढे ३. ४५ मिनिटांपेक्षा जास्त चाललेल्या मोठ्या शस्त्रक्रियेला २, पूर्वी कधी गुठळी झाली असेल तर ३, खुबा मोडणे किंवा खुब्या-गुडघ्याचा सांधा बदलणे याला थेट ५. बेरीज ५ किंवा अधिक आली की धोका मोठा. पादुआत ४ गुणांना धोका मोठा धरतात. हा तक्ता भरायला पाच मिनिटेही लागत नाहीत. पण तो सुट्या कागदावर भरला तर हरवतो. केस पेपरच्या पहिल्याच पानावर, ॲलर्जी जिथे लाल शाईने लिहितो तिथे, ‘गुठळीचा धोका: कमी / मध्यम / जास्त’ आणि त्याखाली ‘रक्तस्रावाचा धोका: आहे / नाही’ एवढ्या दोन ओळी हव्यात. त्यापुढे भरणाऱ्याची सही आणि वेळ. शस्त्रक्रिया झाली, संसर्ग झाला, रुग्ण आयसीयूत गेला की हा हिशेब नव्याने करायचा. पहिल्या दिवशी भरला आणि पुन्हा पाहिलाच नाही, तर त्या तक्त्याचा उपयोग नाही.

माहिती घेताना तीन प्रश्न हमखास राहतात. घरात कोणाला पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का? पूर्वी एखादा पाय बरेच दिवस सुजला होता का? आणि बायकांच्या बाबतीत, सध्या कुठल्या हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत? सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, लग्नसराई, घरची पूजा, अशा वेळी पाळी लांबवण्याच्या गोळ्या परस्पर मेडिकलमधून आणून घेतल्या जातात आणि ‘औषधे काही चालू नाहीत’ असे सांगितले जाते. त्या मोठ्या मात्रेत घेतल्यास गोठण्याची प्रवृत्ती वाढू शकते. आधी गुठळी झालेल्या, वजन जास्त असलेल्या किंवा शस्त्रक्रिया ठरलेल्या बाईने त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी साधारण चार आठवडे बंद करण्याचा विचार करतात. त्याऐवजी दुसरे साधन काय, हेही त्याच वेळी सांगायला हवे.

आता कॉटवरची काळजी. पाऊल हलवणे हा पहिला उपाय आणि त्याला पैसे लागत नाहीत. टाच गादीवर टेकवून पाऊल स्वतःकडे ओढायचे, क्षणभर थांबायचे, मग पुढे ताणायचे. जागेपणी दर तासाला १० ते २० वेळा, दोन्ही पायांनी. सोबत चार-पाच खोल श्वास. श्वास आत घेताना पोटातला दाब बदलतो आणि पायातले रक्त वर यायला मदत होते. प्लास्टर असेल तर मोकळी बोटे हलवायची आणि दुसऱ्या पायाचा व्यायाम चुकवायचा नाही. अर्धांगवायूच्या रुग्णाचे पाऊल नातेवाइकाने घोट्यापासून हलवावे. त्याने सांधे आखडत नाहीत. पण स्नायू स्वतःहून आवळत नसल्याने गुठळीविरुद्ध तेवढ्यावर विसंबता येत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावे.

‘पेशंट उठून बसलाय’ आणि ‘पेशंट चाललाय’ यात मोठा फरक आहे. पाय लोंबकळत ठेवून दोन तास खुर्चीत बसवणे म्हणजे चालवणे नव्हे, उलट रक्त खाली साचते. सिझरनंतर मळमळ-चक्कर नसेल तर ६ ते ८ तासांत कॉटखाली पाय ठेवायला, चार पावले टाकायला हरकत नसते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर सर्जन आणि फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. रुग्ण दुखते म्हणून उठत नाही, तर वेदनाशामक औषध चालवण्याआधी अर्धा-पाऊण तास मिळाले आहे का, ते पाहावे. लघवीची नळी आणि सलाईन गरजेपेक्षा एक दिवसही जास्त ठेवू नयेत. नळ्या असल्या की माणूस हलायला भितो. पायाच्या शिरेत सलाईन लावणे शक्यतो टाळावे.

गुडघ्याखाली उशी देण्याची सवय सगळीकडे दिसते. रुग्णाला त्याने बरे वाटते, पण गुडघ्यामागची शीर तासन्‌तास दबून राहते. पाय उंच करायचाच असेल तर पोटरीपासून टाचेपर्यंत आधार देऊन पूर्ण पाय वर घ्यावा आणि टाच मोकळी राहील असे पाहावे. पाण्यावर बंदी नसेल, म्हणजे हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार म्हणून डॉक्टरांनी माप ठरवून दिलेले नसेल, तर दिवसभर थोडे थोडे पाणी द्यावे. संडासला उठावे लागू नये म्हणून पाणी कमी पिणारे रुग्ण, विशेषतः बायका, प्रत्येक वॉर्डात असतात. त्यांना हे विचारूनच कळते.

मोज्यांबद्दल गैरसमज फार आहेत. गुठळी टाळण्याचे मोजे घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर सैल होत जाणारे असतात. घोट्यापाशी दाब साधारण १४ ते १८ मिलिमीटर पारा इतका असतो. क्रेप बँडेज गुंडाळून ते काम होत नाही. गुंडाळणाऱ्या हातागणिक दाब बदलतो आणि वरचा वेढा घट्ट बसला तर रक्त उलट अडते. मोज्यांचे माप सकाळी, पाय सुजण्याआधी, निजलेल्या अवस्थेत घ्यावे: घोट्याचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर आणि टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतची लांबी. कंपनीगणिक मापांचा तक्ता वेगळा असतो, म्हणून ‘मीडियम द्या’ म्हणून मोजे आणू नयेत. वरची कड दुमडली की ती दोरीसारखी आवळते. मोजे रोज एकदा काढून पाय धुऊन पुसावेत. टाच, घोटा, बोटे यांवर लाल डाग, फोड आहे का ते दिवसातून दोन-तीनदा पाहावे. पावलावरची नाडी लागत नसेल, पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या असतील, मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली असेल किंवा त्वचेवर जखम असेल, तर मोजे घालू नयेत. अर्धांगवायूच्या रुग्णांत तर ते टाळावेतच. त्यांच्यावर झालेल्या मोठ्या चाचणीत, २००९ मध्ये, मांडीपर्यंतच्या मोज्यांनी गुठळ्या कमी झाल्या नाहीत, त्वचेच्या जखमा मात्र वाढल्या.

अशा रुग्णांना हवेचा पंप उपयोगी पडतो. पायाला गुंडाळलेल्या पट्ट्यांत ठरावीक वेळाने हवा भरते, पोटरी दाबली जाते आणि हवा सुटते. २०१३ च्या चाचणीत हलू न शकणाऱ्या अर्धांगवायूच्या रुग्णांत त्याचा फायदा दिसला. पण पंप दिवसाचे निदान १८ तास चालावा लागतो. व्यवहारात काय होते? रुग्णाला एक्स-रेला नेताना पट्ट्या काढतात, परत आल्यावर लावायच्या राहतात. नळी कॉटच्या कठड्यात चिमटते. रात्री आवाजाने झोप येत नाही म्हणून नातेवाईक बटण बंद करतात. कधी एकाच पायाला पट्टी असते. दर पाळीला पुढच्या परिचारिकेकडे काम सोपवताना ‘पंप चालू, दोन्ही पायांना’ एवढे पाहून सही केली तर हे थांबते. आणि पायात गुठळी झाल्याची शंका असेल, तर त्या पायाला पंप लावू नये.

मोठा धोका असलेल्या रुग्णांचा मुख्य आधार रक्त गोठणे रोखणारे औषध हाच. एनॉक्सापॅरिनचे ४० मिलिग्रॅम, ०.४ मिलिलिटरच्या भरलेल्या सिरिंजमध्ये, दिवसातून एकदा त्वचेखाली. किंवा साधे हिपॅरिन ५००० युनिट ८ ते १२ तासांनी. मूत्रपिंड मंदावले असेल, म्हणजे क्रिएटिनिन क्लिअरन्स ३० च्या खाली असेल, तर एनॉक्सापॅरिनची मात्रा कमी करावी लागते किंवा साधे हिपॅरिन निवडतात. फार स्थूल रुग्णाला नेहमीची मात्रा अपुरी पडू शकते. म्हणून वजन आणि क्रिएटिनिन हे दोन आकडे इंजेक्शनच्या आदेशाशेजारी लिहिलेले असावेत. शस्त्रक्रियेनंतर पहिला डोस साधारण ६ ते १२ तासांनी, रक्तस्राव आटोक्यात असल्याचे सर्जनने पाहिल्यावर देतात. पाठीत एपिड्युरलची, म्हणजे भुलीचे औषध सोडण्याची, नळी असेल तर भूलतज्ज्ञाला विचारल्याशिवाय डोस द्यायचा नाही आणि नळी काढायचीही नाही. प्रतिबंधक डोस आणि नळी काढणे यांत निदान १२ तास जाऊ द्यावे लागतात आणि नळी काढल्यावर पुढचा डोस किमान ४ तासांनी. हे अंतर चुकले तर मज्जारज्जूभोवती रक्त साचून पाय कायमचे लुळे पडू शकतात.

इंजेक्शन देण्याची रीत बारकाईने पाळावी, कारण पोटावर काळे-निळे डाग पडले की रुग्ण पुढचा डोस नाकारतो. बेंबीपासून निदान ५ सेंटिमीटर दूर, पोटाच्या डाव्या-उजव्या बाजूला आलटून पालटून. पूर्ण डोस द्यायचा असेल तर भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नये. तो काढताना औषधच वाया जाते. अंगठा आणि बोटाने त्वचेची घडी धरावी, सुई सरळ काटकोनात पूर्ण आत घालावी, औषध सावकाश सोडावे आणि सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडू नये. नंतर चोळू नये, कापूस नुसता टेकवून धरावा. सिझर झालेल्या बाईला टाक्यांपासून दूर, पोटाच्या कडेला किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला देता येते.

चालू रक्तस्राव, मेंदूत नुकताच झालेला रक्तस्राव, प्लेटलेट ५० हजारांच्या खाली, अशा रुग्णाला हे इंजेक्शन सहसा देत नाहीत. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात तेव्हा हे विशेष लक्षात ठेवावे. अशांना पंप लावावा, आणि ‘इंजेक्शन का नाही’ हे कारण लिहून रोज पुन्हा तपासावे. हिपॅरिन सुरू केल्यावर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान प्लेटलेट निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरल्या, तर औषधाचाच तो दुर्मीळ पण घातक परिणाम असू शकतो. तेव्हा पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना लगेच कळवावे. वॉर्डात डोस चुकण्याची कारणे मात्र साधी असतात: रुग्ण सोनोग्राफीला गेला होता, आज घरी जायचे आहे, नातेवाईक औषध आणायला गेले ते आले नाहीत. चुकलेल्या डोसपुढे कारण लिहायची सक्ती केली तरी ही संख्या उतरेल असे आम्हाला वाटते.

यापुढचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो डिस्चार्जचा. धोका कॉटबरोबर संपत नाही. खुब्याचा सांधा बदलल्यावर प्रतिबंधक औषध ३५ दिवसांपर्यंत, गुडघ्याचा बदलल्यावर निदान १० ते १४ दिवस, पोटातल्या किंवा ओटीपोटातल्या कॅन्सरच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे ४ आठवडे देतात. रुग्ण मात्र पाचव्या-सातव्या दिवशी घरी असतो. डिस्चार्ज कार्डावर अँटिबायोटिक, ॲसिडिटीची गोळी, कॅल्शियम सगळे असते. रक्ताच्या गुठळीचे औषध असलेच तर ‘सी.टी. ऑल’ (म्हणजे ‘सगळी औषधे चालू ठेवा’) अशा ओळीत हरवलेले. कार्डावर मराठीत, ठळक लिहावे: औषधाचे नाव, मात्रा, शेवटच्या डोसची तारीख. ‘३५ दिवस’ असे लिहिण्यापेक्षा तारीखच लिहावी. दिवस मोजण्यात चूक होते. इंजेक्शन असेल तर घरी कोण देणार हे जाण्याआधी ठरवावे आणि त्या माणसाकडून वॉर्डातच एक डोस देववून घ्यावा. गावातली परिचारिका देणार असेल तर तिच्यासाठी चिठ्ठी द्यावी. ही सिरिंज २५ अंशांखाली ठेवायची असते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ते जमत नाही, म्हणून एकदम महिन्याचा साठा न देता थोडी थोडी द्यावीत. ती खिडकीत ठेवू नयेत, फ्रीजरमध्ये गोठवू नयेत. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून दवाखान्यात परत द्याव्यात.

खुब्या-गुडघ्याच्या काही रुग्णांना गोळ्याही चालतात, जसे रिव्हरॉक्सॅबान १० मिलिग्रॅम दिवसातून एकदा. पण या गोळ्यांबरोबर गुडघेदुखीच्या वेदनाशामक गोळ्या परस्पर घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, हे सांगितल्याशिवाय रुग्णाला कळणार कसे? काळी शौच, लघवीतून रक्त, डोक्याला मार लागणे, या तीन गोष्टींसाठी ताबडतोब यायला सांगावे.

पुण्या-मुंबईला ऑपरेशन करून सोलापूरला परतणारे रुग्ण पुष्कळ. पुण्याहून सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास, पाय एकाच स्थितीत. गाडी दर तास-दीड तासाने थांबवावी, जमेल तसे उतरून चालावे, बसल्या जागी पाऊल हलवत राहावे, पाणी प्यावे. डोसची वेळ प्रवासात येत असेल तर तो चुकवू नये.

बाळंतिणीबद्दल वेगळे लिहायला हवे. गर्भारपणात गुठळीचा धोका चार-पाच पटींनी वाढतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत तो सर्वांत जास्त असतो. नेमक्या याच काळात आपल्याकडे सव्वा महिना बाजेवर निजवणे, पाणी मोजून देणे, शेकशेगडी असे चालते. विश्रांती, गरम जेवण, डिंकाचे लाडू याला आमची काही हरकत नाही. मात्र घरातल्या घरात दिवसातून अनेकदा चालणे आणि तहानेपुरते पाणी हे तोडू नये. दूध पाजणाऱ्या बाईला तर पाणी जास्तच लागते. तातडीचे सिझर, ३५ वरचे वय, जास्त वजन, वाढलेला रक्तदाब, खूप रक्तस्राव, संसर्ग, तीन किंवा अधिक बाळंतपणे, यांतली कारणे जशी वाढतील तसा धोका वाढतो. अशा बाईला निदान १० दिवस आणि फार मोठा धोका असल्यास ६ आठवडे इंजेक्शन लागू शकते. हिपॅरिन घेताना बाळाला अंगावर पाजता येते. गर्भारपणात आणि बाळंतपणात गुठळी डाव्या पायात जास्त होते, कारण ओटीपोटातली डावी शीर वरून जाणाऱ्या उजव्या रोहिणीखाली दबते. पुष्कळदा ती वरच्या भागात असते, म्हणून पोटरी ठीक दिसते आणि दुखते ती जांघ, मांडी किंवा कंबर. ‘बाळंतपणात कंबर दुखतेच’ म्हणून हे सोडून दिले जाते.

इथे एक सोपी व्यवस्था आधीच तयार आहे. रुग्णालयात बाळंतपण झाल्यावर आशाताई नवजात बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात. बेचाळीस दिवस म्हणजे नेमके सहा आठवडे. बाळाचे वजन-तापमान पाहून झाल्यावर आईचे दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहणे आणि धाप, छातीत दुखणे, एका पायाचे दुखणे याबद्दल विचारणे, याला दोन मिनिटे लागतात. जिल्हा आरोग्य विभागाने आशाताईंच्या पुढच्या प्रशिक्षणात हे घ्यावे, ही आमची विनंती. त्याबरोबर असा रुग्ण आढळला तर कोणाला फोन करायचा, हेही ठरवून द्यावे.

गुठळी झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना काही जाणवतच नाही. ज्यांना जाणवते त्यांच्यात एकाच पायाची सूज, पोटरी किंवा मांडी दुखणे, पाय गरम लागणे, लालसर किंवा निळसर पडणे, वरच्या शिरा फुगणे ही लक्षणे दिसतात. शंका आली की शिंप्याची टेप घ्यावी. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याखाली १० सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा. फरक ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर त्याला मोठे महत्त्व आहे. फरक कमी म्हणून निश्चिंत होऊ नये. पाऊल वर दाबून पोटरी दुखते का, ही जुनी परीक्षा भरवशाची नाही. डी-डायमर ही रक्ततपासणी धोका कमी असलेल्या माणसात गुठळी नाही हे सांगायला चांगली; ऑपरेशन, बाळंतपण, संसर्ग यानंतर ती तशीही वाढलेली असते. निर्णय होतो तो डॉप्लर सोनोग्राफीवर: शीर दाबून दबत नसेल तर आत गुठळी आहे. पोटरीपुरती पाहून अहवाल देऊ नये, जांघेपर्यंत पाहावे. पहिली तपासणी निर्मळ आली आणि शंका कायम असेल तर आठवड्याभरात पुन्हा करावी. संध्याकाळनंतर डॉप्लर मिळत नाही आणि फुप्फुसाकडे गुठळी गेल्याची शंका असेल, तर रक्तस्रावाचा धोका पाहून उपचाराचा पहिला डोस तपासणीआधीही देतात. सकाळपर्यंत नुसते थांबणे धोक्याचे.

आणि घरच्यांनी एक गोष्ट काही झाले तरी करू नये. ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण किंवा लांबलेल्या आजारानंतर एक पाय सुजला, तर तेल लावून चोळू नये, मालिशवाल्याला बोलावू नये, शेक देऊ नये, पट्टा आवळू नये. चोळण्याने ताजी गुठळी सुटू शकते. त्वचेचा संसर्ग किंवा हत्तीरोग समजून आठवडाभर गोळ्या खाण्यातही मोलाचा वेळ जातो. एकदम धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचले, थुंकीतून रक्त पडले, छाती धडधडून घेरी आली, तर १०८ ला फोन करावा. रुग्णाला जिना चालत उतरवू नये, खुर्चीत बसवून न्यावे. ‘इतक्या दिवसांपूर्वी ऑपरेशन झाले आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे आणि डिस्चार्ज कार्ड सोबत घ्यावे. समोरच्या डॉक्टरचा विचार त्या एका वाक्याने बदलतो.

गुठळी सापडली तर उपचार निदान तीन महिने चालतात. सूज आठ-दहा दिवसांत उतरते म्हणून औषध थांबवणारे बरेच असतात. उपचार अपुरा राहिला की गुठळी परत होते, आणि झडपा खराब झाल्याने पुढे पायावर कायमची सूज, घोट्याजवळ काळी पडलेली कातडी आणि न भरणारी जखम होण्याचा धोकाही वाढतो. वॉरफरिन ही रक्त गोठणे रोखणारी गोळी चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप, २ ते ३ दरम्यान ठेवावा लागतो आणि त्यासाठी ठरलेल्या तारखांना रक्त तपासावे लागते. बार्शी-सांगोल्याहून दर वेळी सोलापूरला येणे जमत नसेल तर जवळ कुठे तपासणी होईल, हे पहिल्याच दिवशी विचारून ठरवावे. उपचार चालू असताना माणसाला अंथरुणाला खिळवून ठेवायचे नसते. औषध सुरू होऊन प्रकृती स्थिर असली की डॉक्टरांच्या सल्ल्याने चालायला लावतात.

शहरातल्या लहान-मोठ्या सर्व रुग्णालयांना आमची विनंती अशी: धोक्याच्या त्या दोन ओळी केस पेपरवर छापून घ्याव्यात, पाळी बदलताना पंप आणि डोस पाहण्याची जबाबदारी एका परिचारिकेच्या नावावर टाकावी, आणि डिस्चार्ज कार्डावर शेवटच्या डोसच्या तारखेसाठी वेगळा चौकोन ठेवावा. नातेवाइकांनीही डिस्चार्ज घेताना बिलाच्या खिडकीवर जाण्याआधी डॉक्टरांना विचारावे: ‘पायातल्या गुठळीचा धोका किती आहे, औषध कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे आणि रात्री-अपरात्री धाप लागली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?’

आपले,
शस्त्रक्रिया, प्रसूती व अतिदक्षता विभागांत काम करणारे काही डॉक्टर आणि परिचारिका
सोलापूर